गायीचा पाला आणि आमचा ओटीजी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आहार आणि आरोग्य’ असं छापलं आहे. ते वाचून मीच घाबरलो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ तर नाहीच नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर. १९७३ ते २०१० अशी सदतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. दुसऱ्यांच्या खात्यातली जमा आणि नावे तपासत राहिलो, स्वतःच्या शरीराचं खातं मात्र कधी उघडूनही पाहिलं नाही. ते उघडलं तेव्हा ओव्हरड्राफ्ट निघाला. म्हणून विषय जरा लहान करून घेतो. मी आज फक्त पानांच्या चिप्सबद्दल बोलणार आहे. भाजीच्या पानांच्या, भट्टीत भाजलेल्या, कुरकुरीत चिप्स. हसू नका. समोर तीन डबे ठेवले आहेत, शेवटी मिळतील. त्यातल्या एका डब्याचं झाकण निळं आहे, त्याचं कारण सांगायलाच मी उभा राहिलो आहे.

आपली इमारत उभी राहिली तेव्हा प्रताप नगर आजच्यासारखं भरलेलं नव्हतं. समोर दोन प्लॉट मोकळे होते आणि तिथे गायी चरायच्या. घरोघरी भाजी निवडून झाली की देठ, पाला, साली सगळं पिशवीत भरून त्या गायींपुढे टाकायचं, हे आपलं पुण्यकर्म. आज त्या दोन्ही प्लॉटवर इमारती आहेत आणि गायी कुठे गेल्या ते त्यांनाच ठाऊक. पण पाला बाजूला काढायची सवय आपल्याला अजून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

निवृत्तीनंतर आमचा कट्टा सुरू झाला. गेटाजवळच्या कडुलिंबाखाली, संध्याकाळी पाचची वेळ. सहा-सात जण. राजकारण, पेन्शन, महागाई भत्ता, आणि मध्ये पिशवीतून निघणारे गरम आलुबोंडे, समोसे, नाहीतर चना-पोहा आणि वर तर्री. ज्याचा दिवस त्याने आणायचं, असा अलिखित नियम होता आणि तो संस्थेच्या उपविधींपेक्षा काटेकोर पाळला जायचा. २०१४ साली मला साखर निघाली. मी गोळी सुरू केली आणि आलुबोंडा चालू ठेवला. २०१७ च्या एप्रिलमध्ये, बाहेर त्रेचाळीस डिग्री तापमान, रात्री छातीत दुखलं. दुसऱ्या दिवशी एक स्टेंट बसला. घरी आलो तर आमच्या सौभाग्यवतींनी चिवड्याचा पितळी डबा माळ्यावर टाकलेला, आणि शिडी खालच्या मजल्यावर दिलेली. आता मी काय करू? जेवण कमी केलं, गोड सोडलं, सगळं जमलं. पाच वाजता तोंडात काहीतरी कुर्रर्र वाजलं पाहिजे, ते काही सुटेना. काकडी वाजते, पण तिला चिवड्याची सर नाही. फुटाणे वाजतात, पण दात राहिले आहेत किती!

पुढच्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेलो. एक दिवस ती स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, आज केल केलंय.” मी म्हटलं, “काय केलंय?” “केल.” “अगं पण काय केलं?” हा संवाद पाच मिनिटं चालला. शेवटी तिने एक ताटली पुढे ठेवली. हिरवी, कुरळी, वाळल्यासारखी पानं. मला वाटलं, रांगोळीच्या कडेला लावायला आणली असतील. तिकडे लोक शोभेसाठीही ही झाडं लावतात, वाफ्यात जांभळी-पांढरी केल फुलासारखी दिसते. तोंडात टाकलं आणि पापड मोडावा तसा आवाज आला. जरासं कडसर, जरासं खारट, आणि पटकन विरघळून गेलं. मी ती ताटली संपवली. सौभाग्यवती बघत होत्या. म्हणाल्या, “हे तळलेलं नाही ना?” नव्हतं. एका मोठ्या जुडीला एक चमचा तेल लागलं होतं.

परत आलो आणि केल शोधायला लागलो. खामल्याच्या बाजारात विचारलं, गोकुळपेठेत विचारलं. एका मॉलमध्ये तयार पाकीट मिळालं, मूठभर ऐवज, किंमत वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली, मग पाकीट जागेवर ठेवलं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, केल म्हणजे कोबीचीच बहीण आहे. तुम्ही कोबीचं घराणं शोधा.”

इथे मला खरा खजिना सापडला, तो तुम्हालाही सांगतो. पानकोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि ही केल या पाच वेगवेगळ्या वनस्पती नाहीतच. एकच जात आहे, ब्रासिका ओलेरेसिया. माणसाने शेकडो वर्षं बी निवडत निवडत कुठे तिचा गड्डा फुगवला, कुठे फूल, कुठे खोड, आणि केलमध्ये नुसती पानं वाढवली. काश्मीरमध्ये ज्याला हाक म्हणतात तो साग याच घराण्यातला, आणि तिथे तो रोजच्या भाताबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खातात. म्हणजे जी पानं आपण फुलकोबीभोवतून तोडून गायीला टाकत होतो, नवलकोलाचा गड्डा घेऊन वरचा जो पाला भाजीवालीकडेच सोडून येत होतो, ती त्या महागड्या पाकिटाची सख्खी भावंडं!

दुसऱ्या दिवशी खामल्याला गेलो. भाजीवाल्या बाईंपाशी फुलकोबीच्या पाल्याचा ढीग पडला होता. म्हटलं, “बाई, हा पाला देता का?” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “काहून जी बाबूजी? गाय बांधली का जी गच्चीवर?” मी म्हटलं, “हाव जी, दोन पायाची.” तेव्हापासून मला पाला फुकट मिळतो. फक्त एक पथ्य मी पाळतो. ढिगातला, पायाखाली आलेला पाला घेत नाही. गड्ड्यालाच चिकटलेली आतली कोवळी पानं घेतो. बाहेरची जाडजूड पानं चिप्ससाठी नाहीत, ती चिरून डाळीत घाला.

आता कृती. वहिनींनी माझ्यावर हसून घ्यावं, कारण यातली प्रत्येक चूक मी करून पाहिली आहे.

पानं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोन-तीन पाण्यांनी धुवायची. फुलकोबीच्या पानात अळ्या असतात, उजेडात एकेक पान उलटं करून बघायचं. मग मधला जाड देठ काढायचा. हा राहिला तर पान कुरकुरीत होतं आणि देठ तसाच दमट राहून अर्ध्या तासात सगळं नरम करतो. पानाचे तळहाताच्या अर्ध्याएवढे तुकडे करायचे, कारण भट्टीत ते फार आकसतात.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा: पान वाळवणं. ओलं पान भट्टीत भाजत नाही, वाफेवर शिजतं, आणि चिप्सऐवजी भाजी तयार होते. माझी पहिली चार खेपेची चिप्स अशी भाजी झाली. मग युक्ती सुचली. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात पानं भरायची, तोंड घट्ट धरायचं आणि गच्चीवर जाऊन गोफणीसारखं गरगर फिरवायचं. पाणी अभ्र्यातून उडून जातं. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा आपल्या चौकीदाराने खालून हाक मारली, “साहेब, माकडं आली का जी?” त्याला वाटलं मी वानरं हाकलतो आहे. फिरवून झाल्यावर पानं पंख्याखाली पंचावर तासभर पसरायची. नागपूरच्या उन्हाळ्यात तर पंख्याचीही गरज नाही. आपल्या आया-आज्यांनी याच उन्हात कुरडया, सांडगे केले, हरभऱ्याची भाजी वाळवून वर्षभर पुरवली. आपण करतो ते काही अमेरिकेचं नाही. वाळवणच आहे, फक्त उन्हाऐवजी विजेवर आणि दोन दिवसांऐवजी वीस मिनिटांत.

एका मोठ्या जुडीला एक चहाचा चमचा तेल. चमच्याने वरून ओतू नका, हाताला लावून प्रत्येक पान चोळा, आपण बाळाला तेल लावतो तसं. तेल जिथे जास्त साचतं तिथे पान तेलकट आणि लवचीक राहतं. ओटीजी दीडशे डिग्रीवर आधी तापवून घ्यायचा. पानं ट्रेमध्ये एकाच थरात, एकमेकांवर चढू न देता मांडायची. फुलकोबी-नवलकोलाच्या पानाला माझ्या ओटीजीत अठरा ते वीस मिनिटं लागतात. पालक पातळ, त्याला एकशे तीसवर ठेवूनही बाराव्या मिनिटाला पहारा करावा लागतो. हिरवं आणि करपलेलं यात एकाच मिनिटाचं अंतर असतं. फोन आला तर उचलू नका. मी उचलला होता, बँकेतला जुना मित्र, पेन्शनच्या सुधारणेबद्दल. सगळ्या मजल्यांवर वास गेला होता, आठवत असेल तुम्हाला.

एअर फ्रायर ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळं सांगतो. त्यातल्या पंख्याने हलकी पानं उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. वरून जाळी ठेवा. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी जाड तळाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, थोडी थोडी पानं परतावीत. वेळ लागतो, पण होतात.

मीठ मात्र शेवटी, पानं बाहेर काढल्यावर. हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो. पालकाच्या वजनात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणी असतं. पाव किलो जुडी भट्टीतून निघते ती जेमतेम पंचवीस ग्रॅमची. ताटभर ढीग पाहून तुम्ही ओल्या पानांवर मीठ टाकलं तर तेवढं सगळं मीठ त्या मूठभरात येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात वरण, भाजी, लोणचं, पापड सगळं आलं. रक्तदाबवाल्यांनी मिठाऐवजी आमचूर, जिरेपूड, थोडी लाल मिरची वापरावी. मला तीळ आणि लसूण आवडतो. सौभाग्यवतींनी सांबारवडीचा मसाला, खसखस आणि सुकं खोबरं भाजून, अगदी चिमूटभर भुरभुरवून पाहिला. तो प्रयोग इतका जमला की त्या दिवशी त्या स्वतःही खाल्ल्या. नाहीतर त्यांचं मत अजून हेच आहे की सांबारवडी ती तळलेलीच.

उष्मांकाचं गणित सोपं आहे. पाव किलो पालकाचे साधारण साठ, चमचाभर तेलाचे पंचेचाळीस, म्हणजे अख्ख्या ताटलीचे शंभराच्या आसपास. पाकिटातले बटाट्याचे तळलेले चिप्स शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर जातात. पण यावरून माझी साखर पानांनी उतरली असं कोणी म्हणू नये. उतरली ती गोळीने, चालण्याने, आणि पाच वाजताचा आलुबोंडा गेला म्हणून. पानांनी एवढंच केलं की त्याची रिकामी जागा भरली. पोट त्यांनी भरत नाही. माझ्यासारख्याला बरोबर वाटीभर ताक किंवा थोडे फुटाणे लागतात. आणि हे टिकतही नाहीत. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात हिवाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात त्याच संध्याकाळी. नरम पडले तर ओटीजीत तीन मिनिटं.

आता निळं झाकण.

२०२२ च्या हिवाळ्यात माझा उत्साह उतू चालला होता. मी आपल्या विंगमध्ये डबे वाटायला लागलो. आमचे शेजारी, ज्यांना आपण सगळे भाऊ म्हणतो, ते समोरच बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे. भाऊंच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदलली. धातूची आहे. त्यांनाही तळलेलं बंद. मी म्हटलं, भाऊ, तुमची सोय झाली. रोज संध्याकाळी एक डबा त्यांच्या दारात. कधी पालक, कधी फुलकोबीचा पाला. तीन आठवडे. भाऊ खूश, वहिनी खूश, मी तर काय, समाजसेवकच.

या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून भाऊंना रोज एक गोळी असते आणि दर महिन्याला आयएनआर नावाची रक्ततपासणी. त्यांचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. त्या महिन्यात आला एक पूर्णांक सहा. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? भाऊ म्हणाले, एकही नाही. वहिनींना खरं वाटेना. घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांची पाकिटं मोजली, भाऊ चिडले, त्या रडल्या. भिंतीपलीकडे मला आवाज येत होता आणि मी आपला ओटीजीला पहारा देत होतो. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला, खाण्यात नवीन काही? वहिनी म्हणाल्या, “तसं काही नाही, फक्त शेजारचे साहेब पालेभाजीचे चिप्स देतात.”

डॉक्टरांनी तिथेच पेन खाली ठेवलं म्हणे.

मला हे नंतर समजलं ते असं. रक्त गोठवणारे काही घटक आपलं यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करतं. भाऊंची गोळी बरोबर त्याच कामात आडकाठी घालते, म्हणून रक्त सहज गोठत नाही. हिरव्या पालेभाज्यांत हे के जीवनसत्त्व भरपूर, पालक आणि केलमध्ये तर फारच. एरवी जेवणात भाऊ वाटीभर भाजी खात. माझ्या डब्यात पाव किलोची जुडी मूठभर होऊन यायची आणि ते ती गप्पा मारता मारता संपवायचे. गोळी एका बाजूला ओढत होती, मी रोज संध्याकाळी दुसऱ्या बाजूला ओढत होतो. आकडा असा खाली राहणं म्हणजे झडपेवर गुठळी होण्याचा धोका, आणि ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. भाऊंना काही दिवस पोटावर इंजेक्शनं घ्यावी लागली, दर तिसऱ्या दिवशी रक्त द्यावं लागलं. आकडा जागेवर आला. त्यांना काही झालं नाही. वहिनी माझ्याशी दहा दिवस बोलल्या नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. बँकेत मी कर्जदाराला पैसे देण्याआधी चौदा कागद मागत होतो. इथे एका माणसाला रोज डबा देताना एक साधा प्रश्न विचारला नव्हता: भाऊ, तुम्हाला कोणती गोळी चालू आहे?

डॉक्टरांनी भाऊंना पालेभाजी बंद केलेली नाही, हेही सांगतो. नाहीतर उद्यापासून सगळे मेथीला घाबराल. त्यांनी सांगितलं, दर आठवड्याला साधारण सारखीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका, बदल करायचा असेल तर आधी मला सांगा. हा नियम सगळ्याच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना लागू नाही. माझ्या स्टेंटसाठी मी घेतो त्या ॲस्पिरिनला नाही. ज्यांची आयएनआर तपासणी होते, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल जातीची गोळी ज्यांना आहे, त्यांच्यासाठी आहे. आपल्या संस्थेत अशी दोन माणसं आहेत, मी आता विचारून ठेवलं आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारावं. ज्यांना मुतखडा होतो त्यांनी पालक जपून खावा, त्यात ऑक्झलेट फार. केल आणि कोबीत ते पालकाच्या मानाने खूपच कमी असतं, म्हणून खडेवाल्यांना हे घराणं बरं.

आता सभासदांना एक विनंती आणि मी थांबतो. गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याजवळ आम्ही बारा कुंड्या ठेवल्या आहेत. ऑक्टोबरमध्ये नवलकोलाचं बी टाकलं, आणि लेकीने पाठवलेलं थोडं केलचंही. केल आपल्या थंडीत आली आहे, मार्चचं ऊन लागलं की आटोपेल. पानं घ्यायला हरकत नाही, खालची घ्या, मधला कोंब मोडू नका. मोडलेला दिसला तर मी चौकीदाराला विचारणार आहे, आणि तो माकडांचं नाव सांगणार आहे.

डबे फिरवा आता. स्टीलच्या दोन डब्यांत फुलकोबीचा पाला आहे, एकात तीळ-लसूण, दुसऱ्यात सांबारवडीचा मसाला. निळ्या झाकणाच्या डब्यात एकही पान नाही. ज्वारीच्या लाह्या आहेत, ओटीजीतच परतलेल्या, हळद-हिंग लावून. तो आधी भाऊंकडे द्या. बच्चेकंपनी, तुम्हीही घ्या, पण भाऊंचं झाल्यावर.